संध्याकाळी साडेसातची सकाळ

राजाराम नाबर एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. त्या एकतीस वर्षांत बायकोशी त्यांचं जेवढं बोलणं झालं, तेवढं आपल्याकडे लोक एका लग्नसराईत बोलून मोकळे होतात. पत्रं बंदरात पोचायची तेव्हा जहाज पुढे निघून गेलेलं असायचं. म्हणून लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी दोघांनी एक ठरवून टाकलं होतं. शोभनाताईंनी वेंगुर्ल्याला सकाळी सहाला चहा घेऊन रेडिओवर मुंबई केंद्र लावायचं, आणि नाबरांनी जगात असतील तिथे, भारतात सहा वाजले की शॉर्टवेव्हवर तेच केंद्र शोधायचं. बस, एवढंच. तिकडे ती ऐकतेय, इकडे आपण ऐकतोय, यावर त्यांचा संसार झाला. ऐकून लोकांना हसू येतं. पण रोज समोरासमोर बसून एकमेकांचं न ऐकणारी जोडपीही काही कमी नाहीत.

निवृत्तीनंतर नऊ वर्षं दोघं एकाच रेडिओसमोर बसली. मग २००३ साली मुलानं, शंतनूनं, दोघांचीही ग्रीन कार्डं काढायचं मनावर घेतलं. तो आणि त्याची बायको आश्लेषा, दोघंही न्यू जर्सीत पार्सिपनीला आयटीमध्ये. त्यांची मुलगी स्वानंदी नुकती झालेली, घरात आपलं माणूस हवं. अशा वेळी खरं तर आजी जाते. पण शोभनाताईंची आई नव्वदीची, अंथरुणाला खिळलेली, आणि शोभनाताई तिची एकुलती एक. "तुम्ही पुढे व्हा, मी आईचं बघून येते," त्या म्हणाल्या. म्हणून आजोबा आले, डायपर बदलायला शिकले, आणि बघता बघता तिसरा हिवाळा उजाडला. तिकडे म्हातारी अंथरुणातही खणखणीत होती. तिनं आता डोळे मिटावेत असं नाबरांच्या मनात कधी आलंच नाही म्हणणं खोटं होईल. यायचं, आणि मग दिवसभर ते स्वतःवरच चिडून असायचे.

फोन होता. दर रविवारी कॉलिंग कार्डावरचा लांबलचक नंबर दाबून ते वेंगुर्ल्याला लावायचे. बीपी, आईची तब्येत, नारळ उतरवले का, एवढं झालं की दोघांचेही शब्द संपायचे. मग "ठेवू?" "ठेवा." नाबरांना रविवारनंतरच जास्त एकटं वाटायचं. बोलण्याची सवय नसलेल्या माणसांना नुसतं बोलायला लावून काय होतं?

त्यांचा खरा भरवसा होता तो जुन्या रेडिओवर. मागच्या अंगणातल्या मेपलच्या झाडापर्यंत त्यांनी तांब्याची तार ओढली होती. भारतात सकाळचे सहा म्हणजे इथे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात. दोन्हीकडे अंधार असेल तेव्हाच मुंबई इतक्या लांब यायची, तीही पाचदहा मिनिटं, कधी खोल विहिरीतून आल्यासारखी. उन्हाळ्यात काहीच नाही. म्हणून इथले लोक स्प्रिंगची वाट बघत आणि नाबर नोव्हेंबरची. ऐकलं की जहाजावरच्या शिस्तीनं वहीत लिहायचे: तारीख, वेळ, आवाज पाचपैकी किती.

२००५च्या डिसेंबरात मुंबई गेली. तिच्या जागी कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज, पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. नाबरांनी तार बदलली, जोड घासले, स्वतःच्या कानांवरसुद्धा संशय घेतला. मग समोरच्या घरावर ख्रिसमसचे दिवे झगमगताना दिसले आणि त्यांची खात्री पटली. तीन आठवडे त्या दिव्यांकडे ते असे काही बघत होते की समोरची बाई कौतुक समजून रोज हात हलवायची. जानेवारीत दिवे उतरले. तडतड तशीच राहिली.

तेव्हा त्यांच्यातला रेडिओ ऑफिसर जागा झाला. एका दुपारी आश्लेषा स्वानंदीला घेऊन डॉक्टरकडे गेली होती, शंतनू ऑफिसात. नाबरांनी रेडिओ बॅटरीवर घातला, आणि तो घेऊन ते बेसमेंटमध्ये विजेच्या पॅनेलचे खटके एकेक करून पाडायला लागले. किचन पाडलं, तडतड चालूच. हॉल, चालूच. वरच्या मजल्याचा खटका पाडला मात्र, आणि रेडिओ एकदम शांत झाला. इतकी स्वच्छ शांतता त्यांनी दीड महिन्यात ऐकली नव्हती. ते जिना चढून गेले. आश्लेषाच्या टेबलाखाली, भिंतीतल्या सॉकेटमध्ये एक पांढरी डबी खोचलेली होती. तिच्या जोडीची दुसरी बेसमेंटमध्ये, राउटरजवळ.

मग सगळं जुळलं. नोव्हेंबरअखेर आश्लेषाला घरून काम करायची परवानगी मिळाली होती. वायफाय वरपर्यंत पोचेना म्हणून शंतनूनं या डब्या आणल्या. घरातल्या विजेच्या तारांमधूनच त्या इंटरनेट वर नेत होत्या. म्हणजे घरातली प्रत्येक तार आता तडतडत होती. संध्याकाळी सात ते आठ आश्लेषाचा पुण्याच्या रात्रपाळीच्या टीमशी कॉल असे. घराचा हप्ता तिच्या नोकरीवर, नोकरी कॉलवर आणि कॉल या डबीवर. एका सुरासाठी सुनेच्या पोटावर पाय द्यायचा? नाबरांनी खटके पुन्हा चढवले आणि आपल्या खोलीत येऊन बसले. खूप वर्षांनी त्यांना रडू आलं.

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. पण विजेला गुपितं ठेवता येत नाहीत. आश्लेषा घरी आली तर मायक्रोवेव्ह, ओव्हन, बेडरूममधलं घड्याळ, सगळीकडे बारा वाजून आकडे लुकलुकत होते.

"बाबा, पॉवर गेली होती का?"

"हो. जराशी."

"पण समोर लाइट होते म्हणे. आपल्याच घरात कशी जाईल?"

नाबर स्वानंदीचे मोजे काढण्यात फार गुंतले. आश्लेषा एकेक करून घड्याळं लावत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या खोलीत ती धुतलेले कपडे ठेवायला गेली, तेव्हा रेडिओशेजारी वही उघडी होती. वाचायचं नाही असं ठरवून तिनं वाचलं.

'९ जानेवारी. ७.३०. आवाज शून्य. बसलो होतो.'

'१० जानेवारी. ७.३०. आवाज शून्य. बसलो होतो.'

'११ जानेवारी. तडतड वरच्या डबीची. सुनेचं काम. बोलायचं नाही. ७.३०ला बसलो होतो.'

मागची पानं उलटत ती डिसेंबरपर्यंत गेली. एकही दिवस सुटला नव्हता.

त्या संध्याकाळी सव्वासातला नाबर रेडिओ लावून बसले. लावण्यात अर्थ नव्हता, पण वेळ पाळायची होती. ठरल्याप्रमाणे मोहरी तडतडत होती. आणि मध्येच ती थांबली. त्यांनी मान वर केली तर आश्लेषा दारात उभी, दोन्ही हातांत एकेक पांढरी डबी.

"मला सांगायचं ना, बाबा. कॉल आठला शिफ्ट केलाय मी. मॅनेजरला म्हटलं, फॅमिली टाइम आहे."

उत्तर द्यायला वेळ नव्हता. खूप लांबून, हेलकावे खात, आकाशवाणीची ती सकाळची धून आली. नाबरांनी डोळे मिटले. आश्लेषानं लहानपणी नागपुरात ती शाळेच्या गडबडीत ऐकली होती; ती तिथेच पलंगाच्या कडेवर बसली. मग निवेदिकेचा आवाज, तारीख, नमस्कार.

नाबरांना राहवेना. रविवार नव्हता, तरी त्यांनी कॉर्डलेस उचलला, कार्डाचा नंबर दाबला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"काय झालं? बरे आहात ना?"

"मला काय होतंय. मुंबई आली गं आज. दीड महिन्यानं. ऐकतेयस ना?"

पलीकडे नुसती शांतता. त्या शांततेत त्यांना रेडिओ ऐकू यायला हवा होता. आला नाही.

"शोभना?"

"अहो, रेडिओ दिवाळीपासून बंद आहे. बाजारात दाखवला, तर म्हणाला पार्ट येत नाही आता. तुम्हाला कशाला सांगा, म्हटलं."

"मग रोज सकाळी?"

"मग काय. सहाला चहा घेऊन त्याच्यासमोर बसते. तुम्ही तिकडे लावून बसलेले असता ना."

नाबरांनी वहीकडे बघितलं. दीड महिना हे इथे खरखर ऐकत बसले होते आणि ती तर दिवाळीपासून तिथे मुक्या खोक्यासमोर. आणि दोघांनीही दुसऱ्याला ऐकू येत असेल असं धरलं होतं.

फोन त्यांनी रेडिओच्या जाळीला टेकवला आणि धरून ठेवला. मुंबईचा आवाज न्यू जर्सीला वळसा घालून वेंगुर्ल्याच्या स्वयंपाकघरात पोचला. एक भक्तिगीत जवळजवळ पुरं झालं. हात भरून आला तेव्हा आश्लेषानं पुढे होऊन खालून त्यांच्या कोपराला आधार दिला. हळूहळू मुंबई पातळ होत गेली आणि नुसती समुद्रासारखी गाज उरली. नाबरांनी फोन कानाला लावला.

"गेलं?" शोभनाताईंनी विचारलं.

"गेलं."

"ठेवू नका," त्या म्हणाल्या. "चहा व्हायचाय माझा अजून."