बघू नका, मोजा

चांदोली राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या एका गावात ग्रामसभा होती. डोंगरावर दगडखाणीला गावाने संमती द्यायची की नाही, हे ठरायचे होते. मी बातमीसाठी गेलो होतो.

भातलावणी सोडून बायका येतील, असे कुणाला वाटले नव्हते. त्या चिखलाच्या पायांनीच आल्या. सर्वांत पुढे साठीची एक बाई होती. खुर्ची दिली तरी ती बसली नाही. पदर कमरेला खोचून भिंतीशी उभी राहिली.

"मावशे, खाणीनं पोरास्नी काम मिळंल," सरपंच म्हणाले.

"आन् सुरुंगानं वरचा झरा आटला तर? गवा पाण्यासाठी खाली आमच्या भातात येईल. त्याला काय काम देताय?"

सभा हसली. मग सरपंचांनी विरोधातले हात वर करायला सांगितले. तिचा हात पहिला होता. मागोमाग साऱ्या बायकांचे हात वर गेले. सरपंचांनी एक नजर फिरवली.

"बघितलं. घ्या खाली."

"आवं, बघू नका. मोजा."

एकही हात खाली आला नाही. ग्रामसेवक रांगांमधून मोजत फिरले. तोवर मागच्या पुरुषांचेही हात वर जाऊ लागले होते. खाणीचा प्रस्ताव मोठ्या फरकाने फेटाळला गेला.

बाहेर ती खांदा चोळत हसत होती. मी नाव विचारले.

"नाव नगं. बायकांनी डोंगर राखला, एवढंच लिवा."

दुसऱ्या दिवशी मथळा तोच होता.