भेरूच्या ओट्याची माती

देवासजवळच्या आमच्या शेतात ज्वारी दरसाल खुरटत होती. जमीन थकली असेल तर पडीक टाकायची, नाहीतर पेरायची. ते सांगायला शेतकी खात्याचा एक माणूस आला. नाव त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माती घेतली की तो आधी हुंगायचा, मग कानाशी धरून चुरडायचा, आणि बोटं कोटाच्या आतल्या बाजूला पुसायचा.

"कधीच न नांगरलेली माती दाखवा, बाई. शेतातलीशी ताडून बघतो."

अशी जागा एकच, भेरूचा, म्हणजे गावच्या भैरवाचा, ओटा. तिथली माती त्याने खणली. दोन्ही मातींवर तेजाबाचे थेंब टाकले. दोन्ही सारख्याच फसफसल्या. पुन्हा टाकले, पुन्हा तेच.

आमचा हाळी, नांगर धरणारा गडी, हसला. "साब, बोवणी के पेलां सगळा अपणा खेत की मुट्ठीभर माटी भेरूजी के चढ़ावे."

म्हणजे पेरणीआधी जो तो मूठभर वाहून त्या ओट्यावर गावाची शेतंच साचली होती! त्या माणसाने बोटं कोटाच्या आत पुसली. "मग ताडायचं कशाशी, बाई?"

निकाल न देताच तो गेला. मृग तोंडावर आला, तेव्हा मी अर्धंच शेत पेरायला सांगितलं.

"आधो क्यूं, बईसाब?" हाळ्याने विचारलं.

"मला तरी कुठे ठाऊक? बैल जुंप."