बाईंच्या भाषणातल्या काकू

कॉलेज संपल्यावर मी टेक्ससमध्ये, प्लेनोजवळ एका खासदार बाईंच्या ऑफिसात काम करत होते. बाई लॅटिना, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या घरातल्या. आई टोमॅटोच्या शेडमध्ये पेट्या भरायची आणि बाई तिथेच पुठ्ठ्यावर बसून गृहपाठ करायच्या. मग स्कूल बोर्ड, मग सिटी कौन्सिल, मग वॉशिंग्टन. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली, की टाळ्या कुठे पडणार ते मला आधीच कळायचं. पण ती खोटी नव्हती. त्यांच्या आईला मी पाहिलं होतं; तिची बोटं सरळ होत नसत.

मला चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून माझ्याकडे लोकांच्या फायली दिल्या. कुणाचा व्हिसा अडकला, कुणाचा पासपोर्ट अडकला, की ते आमच्याकडे यायचे. आम्ही त्या त्या खात्याला पत्र पाठवायचो आणि खात्याचं उत्तर आलं की गोड शब्दांत कळवायचो. आमच्या हातात एवढंच होतं. हे मी कुणालाच सरळ सांगत नसे.

शेजारच्या काकूंनाही नाही सांगितलं. काका ऑफिसला जाताना गाडीतच हार्ट अटॅकनं गेले. काकू त्यांच्या व्हिसावर होत्या, म्हणजे आता कशावरच नव्हत्या. मुलगी इथे जन्मलेली, बारावीला.

"जूनमध्ये तिची शाळा संपेपर्यंत राहू दे मला, बाकी काही नको," काकू म्हणाल्या. "तुझ्या बाईंना सांगशील ना?"

"सांगते, काकू."

बाई फाइल वाचून खरंच रडल्या. मग म्हणाल्या, अशा बायकांना राहू देणारं एक बिल आलंय, त्यावर मी सभागृहात हे बोलते, नाव घेणार नाही, पण त्यांची परवानगी घे. काकूंनी लगेच सही केली. बाई बोलल्या म्हणजे काम झालं, असं त्यांना वाटलं. तसं नसतं हे मला माहीत होतं. तरी मी पेन पुढे केलं.

भाषण लिहिणाऱ्यानं मला विचारलं, "एखादा छोटा प्रसंग आहे का? डोळ्यांसमोर उभा राहील असा?" त्या ऑफिसात मला पहिल्यांदाच कुणीतरी काही विचारत होतं. व्हिसाबरोबर काकूंचं लायसन्सही संपलं होतं. काकांच्या गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून त्या दर रविवारी घरापुढच्या ड्राइव्हवेमध्ये ती सुरू करायच्या आणि दहा मिनिटं नुसत्या आत बसायच्या. हे त्यांनी मला आमच्या किचनमध्ये, कांदा चिरताना सांगितलं होतं. फाइलमध्ये नव्हतं. मी दिलं.

बाई अप्रतिम बोलल्या. भाषणात गाडीच्या प्रसंगापाशी आल्यावर थांबल्या, पाण्याचा घोट घेतला. क्लिप सगळीकडे फिरली. बिल मतदानाला आलंच नाही.

मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एक गृहस्थ पुरी वाढून घेता घेता म्हणाले, "वहिनी, तुमची गाडी लायसन्सशिवाय पार वॉशिंग्टनला पोचली की हो." काकू हसल्या. पार्किंग लॉटमध्ये मला म्हणाल्या, "माझ्या मुलीलासुद्धा माहीत नव्हतं गं ते. तिनं फोनवर पाहिलं."

"सॉरी, काकू."

"असू दे. काम होईल ना पण? वकिलाकडे जायचं मी थांबवलंय. म्हटलं, बाई बघतायत."

निदान तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "बाई प्रयत्न करतायत."

आमच्या पत्राला खात्याचा नकार फेब्रुवारीत आला. तोवर अर्जाची मुदत उलटली होती, वकिलाला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मार्चमध्ये काकू नागपूरला परत गेल्या. मुलगी मैत्रिणीच्या घरी राहिली आणि तिथूनच तिनं शाळा पुरी केली. बाई पुन्हा निवडून आल्या. आता सिनेटसाठी त्यांचं नाव घेतलं जातं.

फाइल बंद करताना कॉम्प्युटरवर कारण निवडावं लागतं. काम झालं, काम झालं नाही, किंवा अर्जदार मतदारसंघ सोडून गेला. तिसरं कारण निवडलं, तर ते ऑफिसच्या अपयशात धरत नाहीत.

मी तिसरं निवडलं.