आपला एफ, फ्रान्सिसचा एच

कवितेत मी भुतं चालवून घेते, घरात नाही. घाटकोपरच्या एका कॉलेजात तीस वर्षं मराठी कविता शिकवली. प्रतिमा आणि भास यांतला फरक समजावताना मी मुलांना म्हणायचे, की प्रतिमा आपण घडवतो, भास आपल्याला घडतो – आणि तो घडायला मुख्यतः अपुरी झोप लागते. या सदरातले वाचकांचे अनुभवही मी आजवर एखाद्या कथेसारखे वाचत आले, मनातल्या मनात दोन-चार विशेषणं खोडत. त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसताना थोडं अवघडल्यासारखं होतं आहे. जे घडलं तेवढंच लिहिते. विशेषणं कमी ठेवण्याचा प्रयत्न करीन.

अंधेरी पूर्वेला, मरोळ गावठाणात, चर्चच्या मागे एक बैठा हॉल आहे. आत शिरताच जुन्या लाकडाचा आणि विझलेल्या मेणबत्त्यांचा वास येतो, आणि दर काही मिनिटांनी डोक्यावरून विमान गेलं की खिडक्यांच्या काचा दातांसारख्या वाजतात. या हॉलमध्ये आम्ही चौघं दर रविवारी साडेचार ते सात पाश्चात्त्य चेंबर म्युझिक वाजवतो. चेंबर म्युझिक म्हणजे मोठा ऑर्केस्ट्रा नव्हे. हातवारे करून ताल दाखवणारा कंडक्टरही नाही. मोजकी वाद्यं, प्रत्येकाची ओळ वेगळी, आणि सगळ्यांनी एकमेकांच्या श्वासावर चालायचं. कुणीही व्यावसायिक नाही. पहिलं व्हायोलिन मीनल. पवईच्या एका कंपनीत इंजिनियर. दुसरं व्हायोलिन सुधीर. बँकेत अधिकारी, वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, त्यामुळे सूर त्याच्या हाडांत आहे. चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं, खर्जाचं वाद्य, फ्रान्सिसचा. तो गावठाणातलाच, सत्तरी ओलांडलेला, उभी हयात विमानांच्या वर्कशॉपमध्ये काढलेली. आणि व्हायोलावर मी, वसुधा.

व्हायोला दिसायला व्हायोलिनसारखाच. आकाराने थोडा मोठा, आवाजाने खर्जाकडे झुकलेला. त्याचा आवाज ओल्या मातीच्या रंगाचा असतो, आणि मातीसारखाच तो कुणाच्या लक्षात येत नाही. फ्रान्सिसची यावर एक ठरलेली थट्टा आहे. "व्हायोला म्हणजे घरातली सून गो, टीचर. घरात असली तर कोणाला दिसत नाय. माहेरी गेली की चूल पेटत नाय!"

मला या सगळ्यात आणलं ते हिल्डाने. आई गेली तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते. मुलुंडच्या घरी एकटी. संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्यासुद्धा फक्त शेजारच्या घरातून यायच्या. एका ओळखीच्या बाईंनी हिल्डाचं नाव सुचवलं. ती गावठाणातल्या मुलांना वाद्यं शिकवायची. लग्न तिनेही केलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "या वयात मला जमेल का?" ती बो, म्हणजे वाद्याचा गज, हातात घेऊन त्याला राळ लावता लावता म्हणाली, "तू कविता शिकवतेस ना? मग मात्रा मोजता येतात. बाकी सगळं हाताचं काम आहे."

पुढची अकरा वर्षं मी तिच्या शेजारी बसले. तेव्हा आम्ही पाच जण होतो – दोन व्हायोलिन, एकाच ओळीवर दोन व्हायोला, चेलो. आणि आमच्यात एक रीत होती, जिच्याशिवाय पुढचं समजणार नाही.

छापील नोटेशनच्या पानांवर ठरावीक अंतराने चौकटीत अक्षरं असतात – ए, बी, सी. वाजवताना कुणी हरवलं, तर दुसऱ्याने हळूच पुढचं अक्षर सांगायचं. सगळे तिथे भेटतात, वाजवणं थांबत नाही. आमच्याकडे हे काम हिल्डाचं होतं. पण त्यात आमचा एक खास गोंधळ होता. आमची आवडती जी रचना, तिची व्हायोलिन-व्हायोलाची पानं एका आवृत्तीची, आणि चेलोची पानं कुठल्याशा दुसऱ्याच आवृत्तीच्या झेरॉक्स. अक्षरं जुळतच नाहीत. आपण जिथे एफवर असतो, तिथे फ्रान्सिसच्या पानावर एच असतं. नवी पानं आणायचं आम्ही इतकी वर्षं ठरवतो आहोत, की आता ते ठरवणंसुद्धा तालमीचा भाग झालं आहे. हिल्डा मात्र कधी चुकली नाही. हनुवटी वाद्यावरून न उचलता, ओठ जेमतेम हलवून ती सांगायची – "एफ… फ्रान्सिस, एच." पावसाळी दुपारी माठातलं पाणी पेल्यात ओततानाचा जो आवाज, तसा तिचा आवाज होता.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. आजारपण छोटंसं, तिच्या स्वभावासारखंच कुणाला त्रास न देणारं. पाचाचे चार झालो. मी तिच्या जागेवर सरकले. फ्रान्सिस म्हणाला, "आता अक्षर तू सांगायचं, टीचर." पहिल्याच रविवारी प्रसंग आला. सगळे चुकले, माझ्याकडे पाहू लागले, आणि माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. तीस वर्षं वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवलेला आवाज! नंतर पुन्हा कुणी विचारलं नाही. हरवलो की आम्ही थांबायचो आणि पहिल्यापासून सुरू करायचो.

हळूहळू मला वाटू लागलं, की मी तिथे फक्त खुर्चीपुरती आहे. कॉलेजातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून, सोमवार ते शनिवार मुलुंडच्या घरात कधी कधी एक शब्दही उच्चारला जात नसे. रविवारी पवईच्या तळ्याकाठून जाणाऱ्या बसमध्ये कंडक्टरला "मरोळ" म्हणायचे, तोच आठवड्याचा पहिला शब्द. त्यात एकदा, हॉलच्या दाराशी चपला काढताना आतून मीनलचं बोलणं कानावर आलं. ती सुधीरला सांगत होती, "दोन व्हायोलिन आणि चेलो – तिघांसाठीसुद्धा भरपूर संगीत आहे रे. मी यादी काढून ठेवलीय." सुधीर काय म्हणाला ते विमानात बुडालं. मी आत गेले, हसले, वाद्य सुरात लावलं. पण त्याच दिवशी ठरवलं: वार्षिक कार्यक्रम होऊ दे, मग चहाच्या वेळी सांगून टाकायचं, की आता माझ्याने प्रवास होत नाही. वाक्यही तयार केलं होतं. साधं, कुणाला अपराधी वाटू नये असं.

कार्यक्रम गेल्या वर्षीचा. रविवारची संध्याकाळ, साडेपाचची वेळ, पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन अजून आत येत होतं. साठ-सत्तर माणसं असतील. गावठाणातल्या म्हाताऱ्या, मीनलच्या ऑफिसातले दोघे-तिघे, सुधीरच्या घरचे. अंधार, वारा, कुत्र्यांचं रडणं – यातलं काहीही नव्हतं. शेवटी तीच रचना, तिचा संथ भाग. आम्ही नेहमीसारखे अर्धवर्तुळात बसलो होतो. प्रेक्षकांकडून पाहता डाव्या टोकाला मीनल, मग सुधीर, मग मी, आणि उजव्या टोकाला फ्रान्सिस.

मधल्या एका जागी सगळ्यांना छोटा विराम आहे. फ्रान्सिसने पान उलटलं. दमट हवेने दोन पानं चिकटली होती, ती एकदम उलटली गेली. तो भलत्याच ठिकाणी सुरू झाला. सुधीर त्याला सांभाळायला गेला, मीनल सुधीरला. मी मोजत होते… आणि माझेही आकडे सुटले. एकेक करून चारही बो तारांवरून उठले. पूर्ण शांतता. जिन्यावर पाऊल टाकावं आणि तिथे पायरीच नसावी, तसं. मी पानाकडे पाहत होते, पण ती सगळी काळी चिन्हं मला एखाद्या परक्या लिपीसारखी दिसत होती. वरून एक विमान गेलं. काचा वाजल्या, थांबल्या.

मग तिघांचे बो एकाच क्षणी वर उठले. ते उठले म्हणून मीही उठवला. आणि आम्ही चौघं एका श्वासात त्या एफवर उतरलो – इतके स्वच्छ, की तेरा वर्षांत तसे कधी उतरलो नसू.

टाळ्या झाल्या. मागच्या खोलीत चहा आणि कटलेट. मी ते वाक्य जिभेवर घेऊन उभी होते. एवढ्यात फ्रान्सिसने कप खाली ठेवून माझा हात धरला.

"थँक यू गो, टीचर. तू एच सांगितलंस म्हणून अब्रू वाचली माझी."

सुधीर हसला. "एच काय काका? मॅडमनी एफ सांगितलं."

"एच! माझ्या पानावर एच हाय."

"तुमच्या पानावर असेल हो, पण त्या एफ म्हणाल्या. शप्पथ. मीनल, तू सांग."

"एफच," मीनल तोंडातलं कटलेट आवरत म्हणाली. "स्पष्ट ऐकलं मी. माझी तर पार वाट लागली होती यार. आणि एकदम वसुधाताईंचा आवाज – एफ. एवढंच. एच-बिच काही नाही."

"मंग मी काय बहिरा झालो?"

"अर्धे तर आहातच!"

सगळे हसले. फ्रान्सिसचा उजवा कान वर्कशॉपच्या इंजिनांनी खात आणला होता, आणि हिल्डा गेल्यानंतर तो पुरताच गेला. त्या बाजूने हळू बोललेलं त्याला ऐकू येत नाही. पण तो हटेना. एफ हा शब्दच आपण ऐकला नाही, म्हणाला. ती दोघंही हटेनात. दोन मिनिटं, पाच मिनिटं ते माझ्या बोलण्यावरून भांडत होते. शेवटी तिघंही माझ्याकडे वळले. "तुम्हीच सांगा ना," मीनल म्हणाली, "काय म्हणालात तुम्ही?"

मी काहीच म्हणाले नव्हते.

मी काही ऐकलंही नव्हतं. ना एफ, ना एच, ना तो माठातल्या पाण्यासारखा आवाज, ज्यासाठी मी दोन वर्षं दर रविवारी कान उघडे ठेवून बसत होते. मी फक्त त्यांचे बो उठताना पाहिले होते. माझ्या आवाजाने ते निघाले. त्यांना पाहून मी निघाले. मग सुरुवात कुणी केली?

पण त्या क्षणी मी हा विचार केला नाही. ती तिघं चहाचे कप हातात धरून, मी काय म्हणते याची वाट पाहत उभी होती. हिल्डा गेल्यापासून माझ्या तोंडून काय निघेल याची कुणी वाट पाहिली नव्हती. तयार केलेलं वाक्य मी गिळलं.

"दोन्ही म्हणाले," मी म्हटलं. "आधी एफ. मग फ्रान्सिस, एच."

"बघ!" फ्रान्सिस आणि सुधीर एकदमच म्हणाले. आणि वाद मिटला.

मीनलच्या नवऱ्याने फोन स्टँडवर लावून कार्यक्रमाचं चित्रीकरण केलं होतं. ते आमच्या ग्रुपवर आलं. "ताईंचा आवाज काही आला नाही गं यात, फोन लांब होता ना," असं मीनलने खाली लिहिलं. बाकीच्यांना तेवढं पुरलं. मी मात्र त्या रात्री आणि नंतर अनेकदा ते पाहिलं. अकरा सेकंदांची शांतता. विमान. कुणाची तरी खुर्ची किंचित करकरते, पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीच्या बांगड्या वाजतात. बांगड्या ऐकू येतात, आवाज नाही. माझा चेहरा समोरून दिसतो. ओठ पूर्ण मिटलेले आहेत. नवव्या सेकंदाला तिघंही किंचित मान हलवतात – कुणी काही सांगितल्यावर आपण 'हं' म्हणून हलवतो, तशी. मी हलवत नाही.

मी सगळी स्पष्टीकरणं करून पाहिली. सवय, श्वास, चोरटी नजर, अंगवळणी पडलेला ताल. त्यांतून चौघं एकत्र कसे उतरले हे कदाचित सुटेल. पण ज्याला जे अक्षर हवं होतं तेवढंच त्याला का ऐकू आलं, तेही माझ्या आवाजात, हे सुटत नाही. मेंदूची चलाखी म्हणावी, तर तिघांच्या मेंदूंनी नेमका एकच, गप्प बसलेला माणूस का निवडावा?

आता अक्षरं मी सांगते, फ्रान्सिसचं त्याच्याकडे वळून, जरा मोठ्याने. दुसऱ्याच रविवारी प्रसंग आला, तेव्हा माझ्या गळ्यातून आवाज निघाला – जरा खरखरीत, वर्गातला. ती तिघांसाठीची यादी पुन्हा कधी निघाली नाही. खरं तर मीनलने ती माझा प्रवास टळावा या काळजीनेच काढली होती की काय, हे मी विचारलेलं नाही. मधे मी तीन आठवडे तापाने आजारी होते, तर फ्रान्सिस दोन बस बदलून मुलुंडला आला. खिम्याचे पॅटिस घेऊन, आणि लिफ्ट बंद म्हणून चार मजले मला शिव्या घालत.

मागच्या महिन्यात तालीम संपल्यावर चेलो पिशवीत घालताना तो सहज म्हणाला, "टीचर, कार्यक्रमाच्या दिवशी तू सांगितलंस ना, ते मला डाव्या कानात ऐकू आलं. तू तर माझ्या उजवीकडे बसतेस." मी राळेची डबी बंद करत राहिले. "हॉलमध्ये आवाज फिरतो," मी म्हटलं. "फिरत असेल," तो म्हणाला. मग पिशवीची चेन ओढत: "पन तेव्हा घाई नव्हती गो तुझ्या आवाजात. आता घाई असते."

त्याच्या डाव्या हाताला त्या दिवशी कुणीही नव्हतं. तिथे मंचाची कड होती, आणि ऊन.

मी तेव्हा बोलले नव्हते, हे आज पहिल्यांदाच लिहिते आहे. नावं बदलली आहेत. त्या तिघांपैकी कुणी हे सदर वाचत नाही, अशी आशा आहे. हिल्डा होती का? मला माहीत नाही. असेल, तर तिने सगळ्यांना सांगितलं, आणि फक्त मला वगळलं, यावर मी पुष्कळ रडले आहे. माझ्याकडे कसलंही स्पष्टीकरण नाही. असतं, तर प्रामाणिकपणे ते त्या तिघांना सांगावं लागलं असतं. आणि मग रविवारी साडेतीनला वाद्य खांद्याला लावून, घराला कुलूप घालून, मी कुठे गेले असते?