मनोऱ्याच्या आडव्या पट्ट्या

बाळांनो, आजोबा दर रविवारी तुम्हाला डोंगराचा फोटो पाठवतात, तो आधी माझ्याकडून पास व्हावा लागतो. मुलुंडच्या आमच्या गच्चीवर ते ट्रायपॉड लावतात, डावा डोळा मिटतात, उजवा कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरला लावतात आणि फोकस हाताने जुळवतात. ऑटोफोकसवर त्यांचा विश्वास नाही. मी कॉम्प्युटरवर फोटो शंभर टक्के मोठा करून दरवेळी एकच जागा बघते. डोंगरमाथ्यावरचा विजेचा मनोरा. त्याच्या आडव्या पट्ट्या सुट्या दिसल्या की फोटो पास. लहान करून पाहिला तर कुठलाही फोटो चांगलाच दिसतो.

दिवाळीनंतर त्या पट्ट्या एकमेकींत मिसळू लागल्या.

"समोर टॉवर बांधतायत. धूळ आहे गं," आजोबा म्हणाले.

पण धुळीने फोटो फिका पडतो, कडा अशा पसरत नाहीत. शिवाय डोंगराच्या अलीकडच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे चिमट्यांसकट स्पष्ट होते. म्हणजे फोकस डोंगरापर्यंत पोचतच नव्हता. लेन्स तपासायला दिली. काही दोष नाही म्हणून परत आली.

पुढचा फोटो स्क्रीनवर बघून आजोबा स्वतःच म्हणाले, "हाही गेला. वर तर नीट वाटला होता."

"डोळे दाखवून या एकदा."

"तुझ्याआधी मला बसचा नंबर दिसतो. तूच दाखव."

ते खरं होतं, आणि त्यानेच मला बेचैन केलं. ज्या माणसाला खाली येऊन फोटोतली चूक कळते, त्याला ती वर का कळत नाही? मेथी निवडताना हात थांबला. खाली ते दोन्ही डोळ्यांनी बघतात. वर एकाच.

रविवारी मीही गच्चीवर गेले.

"अहो, डाव्या डोळ्यावर हात ठेवा आणि मनोरा बघा."

"परीक्षा का?" हसत त्यांनी हात ठेवला. "कुठला मनोरा?"

मला वाटलं, नेहमीसारखी थट्टा. मग त्यांनी मान थोडी वळवली, पुन्हा सरळ केली. हसू गेलं होतं.

"बाजूची झाडं दिसतायत," ते हळू म्हणाले. "मधलं कुणी बोटाने पुसल्यासारखं झालंय."

डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला आहे. गेलेली नजर बहुधा परत येणार नाही. हाच आजार डाव्यातही येऊ शकतो. लक्ष ठेवा.

आता आजोबा डावा डोळा व्ह्यूफाइंडरला लावतात. मी म्हटलं, आता तरी ऑटोफोकस वापरा.

"नको," ते म्हणाले. "मग डाव्याचं तुला कळणार कसं?"

म्हणून फोटो उघडताना माझा माउसवरचा हात हल्ली जड होतो. आजोबा मागे उभे असतात. काल पट्ट्या सुट्या होत्या. वरून तिसरी मात्र मी पुन्हा पुन्हा बघितली.