मनशिळेचा खडा

आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांना सगळे दगड सारखेच, फक्त मनशिळेचा खडा सोडून. शेंदरासारखा लाल, नखानं ओरखडा उठेल इतका मऊ, आर्सेनिक आणि गंधकाचा. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या खडकात तो मिळत नाही. ज्वालामुखीच्या तोंडाशी, गरम झऱ्यांच्या काठाला सापडतो. उजेडात राहिला की त्याची विषारी पिवळी भुकटी होते, म्हणून मामा त्याला काळ्या फडक्यात गुंडाळून डबीत ठेवत. रोज डबी उघडून, श्वास रोखून बघत आणि "व्हय, हाय" असं पुटपुटत.

तपासणी समिती येणार म्हणून तो खिडकीजवळच्या काचेच्या कपाटात मांडायला मी सांगितलं.

"मॅडम, तिथं ऊन येतंय की."

मी ऐकलं नाही.

समिती येऊन जाईपर्यंत आठवडा गेला. खड्याखाली पिवळा थर साचला होता. तो मी बोटानं पुसला आणि बोलता बोलता टेबलावरच्या भडंगाच्या बशीत हात घातला. मामांनी बशीच उडवली. माझं मनगट धरून नळाखाली नेलं.

"तोंडात घातलं का? खरं सांगा!"

"नाही हो मामा."

ते साबण चोळतच राहिले.

दुपारभर ते स्टाफरूमच्या दाराशी उभे होते. "मळमळतंय काय?" असं पुन्हा पुन्हा विचारत होते. शेवटी मी चिडले, "काही झालं नाही मला!"

त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"ह्याच हातांनी ठिवला की मी तो तिथं. ठावं असून ठिवला."

"मामा, चूक माझी होती."

त्यांनी मान डोलावली, पण दारातून हलले नाहीत.