डोळे आपल्या घरचे

नांदूरघाट सोडलं तेव्हा माझी लेक आरू माझ्या मांडीवर आडवी होती, पायाला कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, आणि जीपवाला प्रत्येक खड्ड्याला मागं वळून "ताई, ठीक हाय ना?" विचारत होता. ठीक काय असणार! आईनं खिडकीतून भाकरीचं गाठोडं आत सरकवलं आणि म्हणाली, "प्लास्टर निघालं की ये परत." मी हो म्हणाले. ते निघालं, पुढं दुसरं चढलं, आणि आमचं बिऱ्हाड पुण्यातच राहिलं.

गावाकडचे तुम्ही सगळे फोनवर विचारता, करमतं का? नाही करमत. नवरा गोदामात कामाला, मी लोकांच्या पोळ्या लाटते आणि कान सतत लेकीच्या पावलांकडं. गावात असते तर जीव इथल्या दवाखान्यात अडकला असता. तिकडं पोरगी नुसती उंबऱ्याला अडखळली तरी हाड मोडायचं. हाडवैद्यानं बांबूच्या पट्ट्या बांधल्या, आम्ही तिला महिनोन् महिने खाटेवर निजवून ठेवलं. एका दवाखान्यात तर नर्सबाईनं मलाच बाजूला घेऊन विचारलं, "पोरीला मारता का?" त्या बाईवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

पुण्यात अशा आनुवंशिक आजारांची ओपीडी वेगळी असते, हे कळायलाच किती उंबरे झिजवले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आरूचा एक्स-रे नंतर पाहिला, आधी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली. "डोळ्यांचा पांढरा भाग निळसर आहे. घरात आणखी कुणाचा?" मी तोऱ्यात सांगितलं, वडिलांचा, भावाचा, आत्याचा. आमच्याकडं बाळ जन्मलं की आधी डोळे बघतात. निळी झाक दिसली की "डोळं आपल्या घरचं आलं" म्हणून साखर वाटतात. बाई हसल्या नाहीत. मेंढरांमागं फिरताना माझ्या वडिलांची हाडं कितीदा मोडली, त्यांना ऐकू कधीपासून कमी यायला लागलं, असलंच विचारत बसल्या. शिवारात हाका मारून कान गेले, अशी आमची समजूत. मोडण्याबद्दल तर वडीलच म्हणायचे, "दगडात फिरल्यावर मोडणारच की."

ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा. हे नाव मी रिक्षात बसून पाठ केलं. हाड घडतं तेच कच्चं; निळे डोळे, गेलेले कान ही त्याचीच खूण. माझ्यात थोडं, आरूत जास्त, आणि ज्याला हा आजार आहे त्याच्या प्रत्येक लेकरात यायची शक्यता निम्मी. पुरतं बरं होत नाही. पण ठरावीक काळानं सलाईनमधून औषध आणि रोजचा व्यायाम, एवढ्यावर आरू आता वॉकर धरून शाळेच्या व्हरांड्यात हुंदडते. मी "हळू" म्हटलं की डॉक्टरीणबाई मलाच रागावतात. निजवून ठेवलं की हाड आणखी कच्चं होतं म्हणे.

या उन्हाळ्यात धाकट्या भावाला, बाळूला, मुलगा झाला. आईचा फोन आला, आवाजात नुसता आनंद. "सुमे, डोळं आपल्या घरचं आलं गं!"

तान्ह्या बाळांचे डोळे तसेही निळसर दिसतात, हे मला ठाऊक होतं. पण बाळूचंही हाड लहानपणी दोनदा मोडलं होतं. माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, "आई, न्हाऊ घालताना त्याचे हातपाय ओढू नको. त्याला इकडं दाखवायला आणा." बाळूनं फोन हिसकावला. "तुझ्या पोरीचं दुखणं माझ्या पोराला कावून चिकटवतीस?" आणि फोन बंद.

आरूला नवऱ्याजवळ ठेवून मी मिळेल त्या गाडीनं निघाले.

पोचले तेव्हा आई न्हाणीत पाय पसरून बसली होती, नडग्यांवर बाळ. आपल्याकडं सगळ्या बाया करतात तसं तेल चोळून झालं होतं. आता हातांची छातीवर फुली, पायांची पोटावर, मग बगलेत धरून उचलायचं. मी ओरडलेच. आई दचकून थांबली. उचलायचं ते खालून, दोन्ही तळवे घालून, आणि ते कशासाठी, सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "तू सव्वा म्हैन्याची होतीस तवा तुझा हात सुजलता. लई रडलीस. समदे म्हणले, नजर लागली."

बाळाच्या हाताकडं बघत म्हणाली, "म्हंजी तुझा हात म्या मोडलता व्हय?"

मी तिच्याजवळ बसले. "हाडच कच्चं होतं, आई. तू मायेनं न्हाऊ घालत होतीस." पण ती बाळाला हात लावेना, नुसती रडत बसली. शेवटी मी तिचे तेलकट तळवे धरले आणि बाळाखाली सरकवले. तिनं धरलं, मी पाणी ओतलं.

गाव सोडताना वाटायचं, घर म्हणजे जिथं आपल्याला काही समजावून सांगावं लागत नाही. आता वाटतं, जिथल्या माणसांना समजावून सांगितल्याशिवाय माझा पाय निघत नाही, तेच माझं घर. पुण्यात शेजारीपाजारी चांगले आहेत, पण त्यांच्यासाठी मी अशी धावत सुटले नसते.

बाळू दारात पाठ करून बसला होता. आईनं बाळ दुपट्यात गुंडाळलं आणि खालून हात घालून त्याच्या पुढ्यात नेलं. त्यानं जरा वेळ आईच्या हातांकडं बघितलं, मग तळवे पुढं करून तसंच घेतलं. माझ्याकडं न बघता विचारलं, "तुझी ती डॉक्टरीण कोणत्या वारी बसती?"